विडंबनाचे टी-शर्ट आणि ट्रेडमार्कचा कायदा

नामांकित कंपनीचा लोगो थोडा बदलून, नावातली दोन अक्षरे फिरवून त्यावर विनोद साधणारे टी-शर्ट हा कपड्यांच्या बाजारातला वेगळाच माल आहे. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकला जाणारा टी-शर्ट अस्सल दिसण्यासाठी धडपडतो. विडंबनाचा टी-शर्ट आपण अस्सल नाही हे आधीच सांगून मोकळा होतो आणि त्यातच त्याची गंमत असते. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. एकाने वर्षानुवर्षे पैसा आणि मेहनत ओतून लोकांच्या मनात रुजवलेले चिन्ह इथे दुसऱ्याच्या विक्रीच्या मालावर येते. भारतात या विषयाला लागू होणारा ट्रेडमार्क अधिनियम १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. त्यात विडंबनाला सूट देणारे कलम नाही आणि विडंबनाचे नाव घेऊन बंदी घालणारेही नाही. त्यामुळे विक्रेत्याची बाजू आणि चिन्हाच्या मालकाची बाजू, दोन्ही जोरात मांडता येतात. पुढच्या संवादातला विक्रेता स्वतः स्क्रीन प्रिंटिंग करून टी-शर्ट विकतो आणि वकीलबाई कंपन्यांच्या वतीने ट्रेडमार्कची प्रकरणे चालवतात.

विक्रेता : मॅडम, माझा माल घेणारा एकही माणूस फसत नाही. लोगोतल्या वाघाच्या जागी मांजर झोपलेलं असेल, तर गिऱ्हाइकाला दिसतंच की हा त्या कंपनीचा टी-शर्ट नाही. म्हणून तर तो हसतो आणि विकत घेतो. फसवणूकच नाही, तर मग उल्लंघन कसलं?

वकील : तुमचा मुद्दा अर्ध्या कायद्याला लागू पडतो. कलम २९ मधलं पोटकलम २ गिऱ्हाइकाच्या संभ्रमाबद्दल आहे. चिन्ह सारखं, माल सारखा आणि त्यामुळे लोकांचा घोळ होण्याची शक्यता, असं असलं की उल्लंघन होतं. कपडे, पादत्राणं, टोप्या यांचा नोंदणीतला वर्ग २५. कंपनीची त्या वर्गात नोंदणी असेल तर ती आधी हेच कलम लावणार. तिथे तुमचं ‘कोणी फसत नाही’ हे उत्तर चालतं, आणि चांगलं चालतं. विनोद जितका ठसठशीत, तितका संभ्रम कमी.

विक्रेता : मग उरलेला अर्धा कायदा कुठला?

वकील : पोटकलम ४. तिथे संभ्रम लागतच नाही. चिन्हाला भारतात लौकिक असेल आणि तुम्ही योग्य कारणाशिवाय ते वापरून त्या लौकिकाचा गैरफायदा घेतलात, किंवा चिन्हाच्या वेगळेपणाला, नावाला धक्का लावलात, तर ते उल्लंघन ठरतं. गिऱ्हाईक पूर्ण शुद्धीवर असलं तरी.

या दुसऱ्या कसोटीमागचा विचार नीट समजून घ्यायला हवा, कारण विडंबनाची बहुतेक भांडणे तिथेच होतात. ट्रेडमार्कचे मूळ काम माल कुठून आला हे सांगणे. पण फार प्रसिद्ध झालेले चिन्ह त्यापलीकडे जाते. ते पाहिले की विशिष्ट दर्जा, विशिष्ट ऐट मनात येते, आणि लोक त्यासाठीही पैसे मोजतात. तेच चिन्ह दहा ठिकाणी दहा रूपांत दिसू लागले तर त्याचा ठसा पातळ होतो. ते घाणेरड्या किंवा लाजिरवाण्या गोष्टीला चिकटले तर त्याच्या नावाला काळिमा लागतो. आणि कोणी त्या प्रसिद्धीच्या जोरावर आपला माल खपवला, तर मालकाचे काही गेले नसले तरी दुसऱ्याने फुकटचे कमावले असे कायदा म्हणतो. हे तीन वेगवेगळे आक्षेप आहेत. नोटिशीत ते बहुधा एकाच वाक्यात कोंबलेले असतात, आणि उत्तर देणाऱ्याने ते सुटे करून पाहिले नाहीत तर तो पहिल्याच पायरीला हरतो.

तिसऱ्या आक्षेपाचे स्वच्छ उदाहरण जर्मनीतले आहे. झेप घेणारा पुमा आणि वर ठळक अक्षरांत कंपनीचे नाव, हे चिन्ह जगभर ओळखीचे आहे. हॅम्बुर्गच्या एका डिझायनरने झेप घेणारा पूडल कुत्रा काढला, त्याच ढंगात वर ‘पुडेल’ लिहिले आणि २००६ साली कपड्यांसाठी ते स्वतःचे चिन्ह म्हणून नोंदवून घेतले. चार अक्षरी नावाच्या जागी पाच अक्षरी नाव, कमावलेल्या अंगाच्या जनावराच्या जागी केस कापून सजवलेला कुत्रा. चित्र पाहिले की हसू येतेच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २ एप्रिल २०१५ रोजी निकाल दिला. लोकांचा संभ्रम होणार नाही हे न्यायालयाने मान्य केले, पण पुडेलकडे लक्ष वेधले जाते ते पुमाच्या लौकिकामुळेच, असे म्हणून नोंदणी रद्द करायला लावली.

विक्रेता : म्हणजे हसवणं हाच गुन्हा झाला की! विडंबन म्हटलं की मूळ गोष्ट आठवायलाच हवी. पुमा आठवला नाही तर पूडलवर कोण हसेल?

वकील : निकाल नीट बघा. त्याने स्वतःचा विनोद नोंदवून घेतला होता. एका कंपनीच्या चिन्हावर बसवलेलं चित्र कायमचं आपल्या मालकीचं करून मागत होता. कलेचं स्वातंत्र्य, मत मांडण्याचं स्वातंत्र्य न्यायालयाने तोलून पाहिलं, पण अशी मक्तेदारी मिळवण्याचा हक्क त्यातून निघत नाही असं ठरवलं. आपल्याकडेही कलम ११ खाली हाच आक्षेप येतो. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे, म्हणून पुष्कळ जण हौसेने अर्ज टाकतात. मग चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. मोठ्या कंपन्यांची माणसं जर्नल चाळण्यासाठीच बसलेली असतात. तुम्ही स्वतःहून त्यांच्या नजरेत येता.

विक्रेता : ठीक आहे, नोंदणी नको. पण केपटाउनच्या टी-शर्टचा निकाल तर आमच्या बाजूचा आहे ना?

तो निकाल या विषयातला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. दक्षिण आफ्रिकेत कार्लिंग ब्लॅक लेबल ही बिअर घरोघरी माहीत आहे. ‘लाफ इट ऑफ’ नावाच्या छोट्या कंपनीने तिच्या लेबलची मांडणी घेऊन टी-शर्ट काढला. ‘ब्लॅक लेबल’च्या जागी ‘ब्लॅक लेबर’ आणि ‘कार्लिंग बिअर’च्या जागी ‘व्हाइट गिल्ट’, म्हणजे काळ्यांचे श्रम आणि गोऱ्यांची अपराधी जाणीव. लेबलवर अमेरिकेच्या उमद्या, रसरशीत बिअरची जाहिरात होती. टी-शर्टवर त्याच सुरात आफ्रिकेच्या १६५२ पासून चाललेल्या शोषणाची जाहिरात आली. १६५२ हे डच वसाहतवाले केपला उतरले ते साल. जगभरचे पुरुष ही बिअर आवडीने पितात अशा अर्थाची ओळ होती, तिथे जगभर कोणी पर्वा करत नाही अशी ओळ बसवली. एका टी-शर्टवर इतके सगळे मावले होते.

साउथ आफ्रिकन ब्रूअरीज गटाने दावा लावला. २००३ मध्ये केपच्या उच्च न्यायालयाने आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वंशभेदाचा विषय चिकटल्याने बिअरच्या नावाला धक्का लागतो, असा त्यांचा विचार होता. २७ मे २००५ रोजी घटनात्मक न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले. न्यायमूर्ती डिकगांग मोसेनेके यांनी मुख्य निकालपत्र लिहिले आणि न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी विनोदाच्या स्वातंत्र्यावर सहमतीचे वेगळे निकालपत्र जोडले. मोसेनेके यांनी मालकाकडे साधा पुरावा मागितला. नावाला काळिमा लागला म्हणता, तर विक्रीवर, धंद्यावर खरोखर मोठा आर्थिक परिणाम होण्याची शक्यता दाखवा. तो पुरावा कंपनीकडे नव्हता.

या निकालाचे महत्त्व विनोदाला मोकळीक दिली एवढ्यापुरते नाही. सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हा प्रश्न त्याने निकालात काढला. छोट्या विक्रेत्याला ‘माझ्यामुळे तुमचे नुकसान झाले नाही’ हे सिद्ध करायला लावले, तर तो कधीच जिंकणार नाही, कारण दुसऱ्याच्या कंपनीचे हिशोब त्याच्या हातात नसतात. नुकसान झाले असे म्हणणाऱ्यानेच ते दाखवावे. प्रसिद्ध चिन्हे भाषेचा आणि रोजच्या आयुष्याचा भाग झालेली असतात, त्यांच्यावर बोलण्याचा हक्क केवळ ‘आम्हाला वाईट वाटले’ एवढ्यावर काढून घेणे चुकीचे आहे. भारतीय न्यायालयांनीही हीच वाट धरायला हवी, आणि आपल्या पोटकलम ४ चे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या कलमाच्या इतके जवळचे आहेत की ती धरता येईल.

वकील : तुम्ही हा निकाल खिशात घालून फिरता, पण त्या टी-शर्टवर काय म्हटलं होतं ते विसरता. तो विनोद त्या बिअरच्या जाहिरातीवर, त्या उद्योगावर, त्या देशाच्या इतिहासावर बोलत होता. तुमचं झोपलेलं मांजर कशावर बोलतं?

विक्रेता : आळसावर. पोरांना आवडतं.

वकील : मग त्यासाठी त्याच कंपनीचा लोगो कशाला हवा होता? उत्तर एकच, लोगो ओळखीचा आहे म्हणून. कोर्टात नेमका हाच प्रश्न येतो.

विनोदाचे लक्ष्य कोण, हा फरक अमेरिकेतल्या १९८७ सालच्या दोन निकालांत दिसतो. न्यू मेक्सिकोतल्या एका छोट्या उद्योगाने जाड बायकांसाठी जीन्स काढल्या. जॉर्डॅश या फॅशनेबल जीन्सचे नाव बदलून ‘लार्डॅश’ केले, म्हणजे चरबीशी जुळणारे, आणि मागच्या खिशावर हसरे डुक्कर शिवले. बारीक मुलींसाठीच जीन्स असते या समजुतीचीच ती थट्टा होती. अपील न्यायालयाने जॉर्डॅशचा दावा फेटाळला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अपील न्यायालयापुढे ‘म्यूटंट ऑफ ओमाहा’ असे लिहिलेले टी-शर्ट आले. ‘म्यूच्युअल ऑफ ओमाहा’ या विमा कंपनीच्या चिन्हातल्या चेहऱ्याच्या जागी खंगलेला चेहरा आणि अणुयुद्धाच्या विम्याची जाहिरात. विक्रेत्याचा रोख अण्वस्त्रस्पर्धेवर होता, विमा कंपनीवर नव्हता. कंपनीने पाहणी केली होती आणि तिच्यात सुमारे १०% लोकांना या मालाशी कंपनीचा संबंध असावा असे वाटले होते. निकाल कंपनीच्या बाजूने गेला. अण्वस्त्रांविरुद्धचा संदेश कितीही महत्त्वाचा असला, तरी तो सांगण्याच्या इतर वाटा खुल्या आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

विक्रेता : परदेशातलं पुरे. इथे काय?

वकील : इथे टी-शर्टवरच्या विडंबनावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नाही. दोन टोकांना दोन निकाल आहेत, ते दोन्ही दिल्ली उच्च न्यायालयाचे.

पहिला १९९० च्या दशकातला. मर्सिडीज-बेंझच्या मालकांनी एका अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता. पुड्यावर ‘बेंझ’ नाव होते आणि वर्तुळात हातपाय तीन टोकांना ताणलेला माणूस होता, म्हणजे गाडीच्या तीन टोकांच्या ताऱ्याची सरळ छाया. मोटारगाडी आणि अंतर्वस्त्र यांत कोणाचाही घोळ होणार नव्हता. तरी न्यायालयाने मनाईहुकूम दिला, कारण इतक्या नावाजलेल्या चिन्हाची किंमत कोणालाही अशी उतरवू देता येत नाही. तो निकाल विडंबनाचा म्हणून ओळखला जात नाही आणि आजच्या कायद्याच्या आधीचा आहे, पण ‘माल वेगळा आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबणाऱ्याने तो वाचायला हवा.

दुसरा २८ जानेवारी २०११ चा. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीसने एक ऑनलाइन खेळ काढला. त्यात कासव टाटांच्या चिन्हापासून पळत होते. टाटा सन्सने मनाईहुकूम आणि १० कोटी रुपयांची भरपाई मागितली. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. टीका करण्यासाठी, लोकांचे लक्ष वेधण्यासाठी चिन्ह वापरले तर तेवढ्यावरून ते बंद करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

विक्रेता : बघा! तोच माझा आधार.

वकील : तुमचा आणि ग्रीनपीसचा फरक एका किंमतपट्टीचा आहे. ते काही विकत नव्हते. तुमच्या टी-शर्टला भाव आहे. विकल्या जाणाऱ्या मालालाही बोलण्याचं स्वातंत्र्य मिळतं, १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातीलाही घटनेच्या कलम १९ चं संरक्षण दिलं आहे. पण ‘योग्य कारण’ दाखवण्याची तुमची चढण जास्त उभी आहे. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते, जी नोटीस पाठवणारे सांगणार नाहीत. पोटकलम ४ च्या शब्दांप्रमाणे ते वेगळ्या प्रकारच्या मालाला लागतं. बिअरचा, गाडीचा, बिस्किटाचा लोगो टी-शर्टवर आला तर ते सरळ लागतं. कपड्यांच्याच कंपनीचा लोगो कपड्यावर आला तर कंपनीला संभ्रमाच्या पोटकलमाकडे जावं लागतं, आणि तिथे तुमचा विनोद तुम्हाला वाचवू शकतो. अर्थात मोठ्या कंपन्या एकच चिन्ह अनेक वर्गांत नोंदवून ठेवतात, त्यामुळे यावरच भिस्त ठेवू नका.

चित्र टी-शर्टवर कुठे छापले आहे, यालाही कायद्यात वजन आहे. छातीवर मोठे चित्र म्हणजे सजावट किंवा म्हणणे, असे मांडता येते. तेच चित्र मानेच्या आतल्या लेबलवर, टॅगवर, पिशवीवर, दुकानाच्या पाटीवर आले की तो विक्रेत्याचा स्वतःचा ब्रँड झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जून २०२३ रोजी जॅक डॅनियल्सच्या प्रकरणात याच मुद्द्यावर बोट ठेवले. व्हिस्कीच्या बाटलीच्या आकाराचे ‘बॅड स्पॅनियल्स’ हे कुत्र्याचे खेळणे होते आणि बनवणाऱ्याने ते नाव आपलेच चिन्ह असल्याचे म्हटले होते. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एकमताच्या निकालात सांगितले की दुसऱ्याचे चिन्ह आपल्या मालाची ओळख म्हणून वापरले की कलाकृतींना मिळणारी खास सवलत मिळत नाही. प्रकरण खाली परत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲरिझोनाच्या न्यायालयाने संभ्रम नाही पण नावाला काळिमा लागतो, असा निकाल दिला.

विक्रेता : मी साइटवर स्पष्ट लिहितो, ‘या मालाचा मूळ कंपनीशी संबंध नाही.’

वकील : लिहा, त्याने हेतू प्रामाणिक दिसतो. पण लंडनमध्ये आर्सेनल क्लबच्या मैदानाबाहेर मफलर विकणाऱ्या एका माणसाने स्टॉलवर अशीच पाटी लावली होती. युरोपच्या न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की मफलर स्टॉल सोडून बाहेर गेला की पाटी त्याच्याबरोबर जात नाही. टी-शर्टचंही तेच.

ट्रेडमार्कच्या जोडीला कॉपीराइटचेही कुलूप असते, आणि ते बरेच जण विसरतात. लोगोचे रेखाटन ही कलाकृती असल्याने १९५७ चा कॉपीराइट अधिनियम त्याला लागू होतो. तिथे कलम ५२ खाली टीका किंवा समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, आणि १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला त्या मुभेचा लाभ दिला. म्हणून मूळ फाइल उचलून तिच्यात बदल करण्यापेक्षा चित्र हाताने नव्याने काढणे केव्हाही सुरक्षित. अशोकस्तंभासारख्या सरकारी चिन्हांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे विनोदाचा बचाव नाही.

विक्रेता : खरं सांगू का मॅडम, निकाल काय लागेल याची भीती नाहीच. भीती आहे ती पहिल्या आठवड्याची.

ही भीती रास्त आहे. अशा दाव्यात समोरच्याला न ऐकता तात्पुरता मनाईहुकूम मिळू शकतो. त्याबरोबर कोर्ट कमिशनर नेमला तर तो थेट कामाच्या जागी येतो. वाळत टाकलेले टी-शर्ट मोजले जातात, कपाटातल्या छपाईच्या फ्रेम बाहेर काढल्या जातात, संगणकातल्या डिझाइनच्या फाइलींच्या प्रती घेतल्या जातात, विक्रीच्या वह्या चाळल्या जातात, पंचनामा होतो आणि मालाला सील लागते. बहुतेक वेळा तो माल जशाचा तसा ठेवण्याच्या हमीवर विक्रेत्याच्याच ताब्यात राहतो, पण विकता येत नाही. ऑनलाइन बाजारात त्याहून लवकर घडते. कंपनीची तक्रार गेली की लिस्टिंग उतरते, आणि पुन्हा पुन्हा तक्रारी आल्या की खातेच बंद होते. कायद्याने काय खरे, हे ठरायच्या कितीतरी आधी छोटा धंदा बसलेला असतो. अमेरिकेत ‘द नॉर्थ फेस’ या कंपनीची थट्टा करणारे ‘द साउथ बट’ नावाचे कपडे एका विद्यार्थ्याने काढले होते. २००९ च्या डिसेंबरात दावा लागला आणि २०१० मध्ये समेट झाला. न्यायालयाने त्या विनोदावर काही म्हणायची वेळच आली नाही. बहुसंख्य प्रकरणे अशीच मिटतात, आणि म्हणून या विषयात निकाल कमी आणि धास्ती जास्त आहे.

विक्रेता : पोलिस येऊन माल उचलतील का?

वकील : कलम १०३ आणि १०४ खाली खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हा गुन्हा आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पण ती कलमं मुळात डुप्लिकेट मालासाठी आहेत. शिवाय उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या पोलिस अधिकाऱ्याला कलम ११५ खाली झडती घेता येत नाही, आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. खरं विडंबन असेल तर मामला दिवाणी राहतो.

विक्रेता : मग नोटीस आली तर पहिलं काय करायचं?

वकील : फोनवर माफी मागायची नाही आणि चिडून पोस्टही टाकायची नाही. नवी छपाई थांबवायची. नोटिशीत कुठल्या वर्गातली नोंदणी सांगितली आहे ते बघायचं, ती खरी आणि चालू आहे का हे निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासायचं. डिझाइन कधी काढलं, त्यातून काय म्हणायचं होतं, किती नग विकले, याचे कागद जुळवायचे. जाहिरातीत त्या कंपनीचं नाव हॅशटॅग म्हणून वापरलं असेल तर ते मला आधी सांगायचं, कारण समोरची बाजू तेच पहिल्या पानावर लावणार. उत्तर दिलेल्या मुदतीत द्यायचं. ज्या डिझाइनमध्ये कंपनीवर काही म्हणणं आहे तिथे लढायचा विचार करता येतो. नुसतं ओळखीचं म्हणून घेतलेलं डिझाइन मागे घेतलेलं बरं.

विक्रेता : आणि नोटीसच बिनबुडाची असेल तर?

वकील : तर कलम १४२ आहे. उल्लंघन नसताना दाव्याची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्ही जिल्हा न्यायालयात जाऊ शकता, धमकी निराधार असल्याचं जाहीर करून मागू शकता, ती पुन्हा देऊ नये असा हुकूम आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागू शकता. मात्र नोंदणीकृत मालकाने तोवर उल्लंघनाचा दावा दाखल करून तो नेटाने चालवला, तर या कलमाचा आधार राहत नाही.